दोनशे सतरा नंबरचा दगड

जाकोराकनं एका हातानं खडकाची कपार पकडली, दुसऱ्या हातानं थोर्किल्डचा कमरपट्टा मागून धरला आणि लाटेनं होडी वर उचलली तसं त्याला खडकावर लोटून दिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो लांबडा डॅनिश माणूस हातापायांवर उतरला, क्षणभर तसाच राहिला आणि मग गुडघे झाडत उभा राहिला.

"पोत्यासारखं लोटतोस मला," तो म्हणाला.

"पोतं परवडलं. ते बोलत नाही."

पार्नाक केव्हाच कड्याच्या माथ्याकडे निघाली होती. पाठीवर पिशवी, कमरेला हातोडा, डोक्याभोवती डासांचा ढग. चौतीस वर्षांची ही जाकोराकची मुलगी. वस्तीतली पोरं कोळंबीच्या बोटीवर नाहीतर दुकानात लागतात. ही दगडांच्या मागे लागली आणि थेट विद्यापीठात जाऊन बसली. चार उन्हाळे तिनं या इकेरासाक खाडीचे दोन्ही काठ गुडघे टेकत पालथे घातले होते आणि चारही उन्हाळे बापानं तिला होडीतून ने-आण केली होती. त्या चार उन्हाळ्यांचा निकाल आज लागायचा होता.

गोष्ट तशी साधी होती. एकशे ऐंशी कोटी वर्षांपूर्वी इथे दोन भूखंड एकमेकांवर आदळले, आभाळाला टेकणारे डोंगर उभे राहिले आणि त्या डोंगरांच्या पोटात, खूप खोल, तापलेला खडक एका पट्ट्यात कणकेसारखा मळला जाऊन आडवा सरकला. वरचे डोंगर केव्हाच झिजून गेले. मळलेला पट्टा तेवढा खाडीच्या काठानं उघडा पडला आहे. प्रश्न एवढाच, की पट्ट्याची उत्तरेकडची बाजू कुठे सरकली, डावीकडे की उजवीकडे. थोर्किल्डच्या नकाशावर तो बाण उजवीकडे होता, आणि सत्तेचाळीस वर्षं पुस्तकांतून तसाच छापला जात होता. पार्नाकच्या प्रबंधात तो डावीकडे होता.

प्रबंध तपासणाऱ्या तिघांपैकी दोघांनी सही केली होती. तिसरा थोर्किल्ड. ज्याचा बाण फिरवायचा त्यालाच परीक्षक नेमला म्हणून वस्तीत लोक पोट धरून हसले होते. पण थोर्किल्ड लबाड नव्हता. मला जागेवर नेऊन दाखव, म्हणाला, आणि गुडघ्यांच्या गोळ्या खिशात घालून आला. मळलेल्या काळ्या खडकात पांढऱ्या खनिजाचे डोळे असतात आणि प्रत्येक डोळ्याला दोन शेपट्या. त्या कुठल्या अंगाला ओढल्या गेल्या, त्यावरून खडक कुठे सरकला ते कळतं. नऊ दिवस पार्नाक त्याला डोळे दाखवत होती. सगळे डोळे डावीकडे म्हणत होते. थोर्किल्ड मान डोलवत होता आणि रोज संध्याकाळी एकच वाक्य बोलत होता.

"सगळं खरं. पण दोनशे सतराचं काय?"

तिथेच घोडं पेंड खात होतं. दोनशे सतरा नंबरचा दगड पट्ट्याच्या अगदी मधोमधचा, जिथे खडक सगळ्यांत जास्त मळला गेला. तो उजवीकडे म्हणत होता. मध्यावर मागाहून काही उलटी हालचाल झाली असली, तर पार्नाकचा सगळा निष्कर्ष कोसळत होता. आणि तो दगड नेमका कुठून काढला ते कोणालाच सापडत नव्हतं. थोर्किल्डच्या जुन्या वहीत एवढंच होतं: कुरवांच्या कड्यापाशी, आडवा पृष्ठभाग, बाण उत्तरेला. आडवा म्हणजे माथाच, असं धरून पार्नाकनं दोन उन्हाळे कड्याच्या माथ्यावर हातोड्याचा जुना घाव शोधला होता. उद्या थोर्किल्डचं विमान होतं. सही झाली नाही तर प्रबंध परत, आणि शिष्यवृत्ती तर संपलेलीच. चार उन्हाळे पाण्यात.

जाकोराकनं खडकाच्या आडोशाला स्टोव्ह पेटवला, कॉफीचं पाणी ठेवलं आणि वाळवलेला हॅलिबट सुरीनं सोलायला घेतला. एरवी तो होडीतच बसायचा. आज शेवटचा दिवस म्हणून खाली उतरला होता. थोर्किल्डनं पिशवीतून एक लोकरीचा मोजा काढला आणि मोज्यातून दगड.

"हाच का तो?" जाकोराकनं विचारलं.

"हाच. कोपनहेगनच्या तळघरातून सही करून आणलाय. हरवला तर माझं पेन्शन कापतील."

दगड पावाच्या अर्ध्या लादीएवढा होता. एका टोकाला करवतीनं कापलेला, बाकी तीन बाजूंनी ओबडधोबड. सपाट तोंडावर काळ्या शाईनं २१७ लिहिलं होतं आणि शेजारी उत्तरेचा बाण काढला होता. बाणाला एकाच अंगाला दात होता.

जाकोराकच्या हातातली सुरी थांबली. तरुणपणी तो थोर्किल्डचा होडीवाला आणि मदतनीस होता, त्याचे बाण त्यानं शेकड्यांनी पाहिले होते. शाळेतल्या फळ्यावर असतात तसे, दोन्ही अंगांना सारखे. एका अंगाला दात देऊन बाण काढणारा माणूस या खाडीत एकच होता. लहानपणापासून शिकारीच्या हार्पूनचं टोक घासलेल्या हाताला बाण म्हटला की एकच दात सुचतो. तो हात त्याचा स्वतःचा होता.

मग त्याला सगळं आठवलं. सत्याहत्तर साल, तो बावीस वर्षांचा. धुकं इतकं की होडीचं नाक दिसेना. कड्याच्या पायथ्याशी, पाण्यालगत, एका बुटक्या कपारीत दोघं शिरले होते. थोर्किल्डची बोटं सकाळीच होडीत आणि खडकात सापडून चेमटली होती, चिंधी बांधलेली. तो बाहेर बसून सांगत होता, इथलाच दगड पाहिजे, अगदी इथलाच. आणि जाकोराक कपारीत उताणा पडून, डोळे मिटून, छतावर हातोडा मारत होता. तोंडावर दगडाचा चुरा पडत होता. तुकडा सुटायच्या आधी त्यानं पडल्यापडल्या, होकायंत्र पोटावर ठेवून, वर हात करून बाण काढला होता.

खालून.

त्याचा आणि पार्नाकच्या भांडणाचा काय संबंध ते त्याला नीट कळलं नाही. पण काहीतरी संबंध आहे हे कळलं. नकाशाच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर छापलं होतं, की सगळे नमुने थोर्किल्ड ब्रोर्सननं स्वतःच्या हातानं काढले आणि स्वतःच्या हातानं खुणावले. ते कळल्यावर जाकोराकला कधी वाईट वाटलं नव्हतं असं नाही. वाटलं होतं आणि विरलं होतं. आता आपल्या होडीतून आलेल्या पाहुण्याला तोंडावर खोटं पाडायचं? आणि ही चूक असली तर ती कोणाची? सत्तेचाळीस वर्षं सगळ्या जगाला उजवीकडे पाठवलं ते आपणच तर नाही? तो मूग गिळून मासा सोलत राहिला.

पार्नाक खाली उतरली. हात रिकामे. तिनं पिशवी टेकवली आणि कोरडे ओठ दातांखाली धरले. मासेमारीला गेलेल्या होड्या उशिरापर्यंत परतल्या नाहीत की तिची आई असंच करते. जाकोराकला पोरीची दया आली आणि स्वतःचा राग आला.

"बस. खाऊन घे," तो म्हणाला. कॉफी ओतली, मासा वाटला, आणि तिसऱ्या घोटानंतर पाण्याकडे बघत म्हणाला, "थोर्किल्ड, तुझी बोटं चेमटली ते कोणतं वर्ष रे?"

"कसली बोटं?"

"उजव्या हाताची. होडीत सापडली होती. तेव्हा तू दिलेल्या शिव्या मी अजून वापरतो."

थोर्किल्डनं उजवा हात समोर धरला. दोन नखं वाकडी होती. "सत्याहत्तर. जुलै. ब्रोर्सनबाई अजून या नखांवरून बोलतात मला."

"मग वही काढ. दोनशे सतराचं पान बघ."

वही आली. थोर्किल्डनं चष्मा कपाळावर सारून पान डोळ्यांजवळ नेलं. आदल्या पानावर अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं होतं. या पानावर ते दारू प्यायलेल्या माणसासारखं सगळीकडे कललं होतं.

"थंडीनं असेल," तो म्हणाला.

"जुलैत?"

वर कुरवा ओरडत होत्या.

"डाव्या हातानं लिहिलंय मी," थोर्किल्ड सावकाश म्हणाला. "मग हातोडा कोणी मारला?"

जाकोराकनं सुरी पँटला पुसली. "मी. बाणही माझाच. दात बघ त्याचा."

पार्नाकनं कप खाली ठेवला आणि बापाकडे वळली. "कुठून काढलास, अताता?"

त्यानं खडकावरची ओली रेघ पाहिली. भरतीचं पाणी तिच्याखाली वीतभर उतरलं होतं. "दाखवतो. पण पाणी उतरू दे. दीड तास लागेल."

तो दीड तास पार्नाकला चार उन्हाळ्यांपेक्षा मोठा गेला असावा. ती सात वेळा उठली आणि सात वेळा बसली. थोर्किल्ड दगड मांडीवर घेऊन बसला होता.

पाणी उतरलं तसा कड्याच्या पायथ्याशी शेवाळलेल्या गोट्यांचा एक पट्टा उघडा झाला. त्यावरून घसरत तिघं पन्नास पावलं गेले. कड्यानं तिथे पोट आत घेतलं होतं. कमरेएवढी उंच कपार, आत अंधार. भरतीला तिचं तोंड अर्धं बुडायचं आणि होडीतून ती नुसती सावली वाटायची. जाकोराक पाठीवर सरपटत आत शिरला, त्यानं विजेरी वर धरली आणि बोलावलं.

काळ्या छतात एक फिकट खळगा होता. कडा अजून धारदार. आजूबाजूला दगडफूल वाढलं होतं, खळग्यात मात्र नखभरसुद्धा नव्हतं.

पार्नाक त्याच्या शेजारी उताणी पडली. तिनं खळग्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"छत," ती म्हणाली. "अताता, हे छत आहे."

"ते मलाही दिसतंय. मग काय बिघडलं? बाण तर मी उत्तरेलाच काढला होता. आत्तासुद्धा सांगतो, उत्तर तिकडे."

तिनं हातमोजा काढला आणि त्याच्या छातीवर ठेवला, बोटं उत्तरेकडे. "अंगठा कुठल्या बाजूला आहे?"

"डावीकडे."

तिनं बोटं उत्तरेलाच ठेवून मोजा उलटा केला. अंगठा उजवीकडे गेला. जाकोराकनं मोज्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात थोर्किल्डची एक जुनी शिवी दिली.

"तू बाण खालच्या तोंडावर काढलास," ती म्हणाली. "प्रयोगशाळेतल्यांनी ते वरचं तोंड धरलं. सगळा दगड उलटा वाचला गेला. दगड खालून काढला असेल तर बाणाशेजारी एक वेगळी खूण करतात."

"ती मला कोणी शिकवली नाही."

"मी नाही शिकवली," बाहेरून थोर्किल्ड म्हणाला. तो गोट्यांवर ओणवा झाला होता. "कोणी छतातून दगड काढेल असं मला वाटलंच नव्हतं."

"इथलाच पाहिजे म्हणालास. इथे छतच होतं."

"असेल. पण जाकोराक, ही आठवण झाली. आठवणीवर मला सही करता येणार नाही. तुलाही ते आवडणार नाही, पार्नाक."

"नाही आवडणार," ती म्हणाली.

"मग सरका दोघं."

म्हाताऱ्यानं अंगातलं जाड अनोरक काढलं, गोट्यांवर पसरलं आणि गुडघ्यांना दम देत देत त्यावर उताणा झाला. जाकोराकनं खांदे धरून त्याला आत ओढलं. पार्नाकनं विजेरी धरली. थोर्किल्डनं दगड दोन्ही हातांत घेतला, नंबराचं तोंड आपल्याकडे, बाण उत्तरेकडे, आणि छताला लावला. आधी बसेना. त्यानं किंचित फिरवला, करवतीनं कापलेली बाजू समुद्राकडे केली आणि अंगठ्यानं वर दाबला.

टक असा आवाज झाला.

त्यानं एक हात काढला. मग दुसराही काढला. दगड पडला नाही. कडेला कड जुळली होती, आणि छतातली केसाएवढी पांढरी रेघ खळग्यापाशी येऊन दगडात शिरत होती आणि दुसऱ्या अंगानं पुन्हा छतात निघत होती. हातच्या काकणाला आता आरसा कशाला पाहिजे होता?

थोर्किल्ड हलला नाही. पाणी गोट्यांतून वाजत होतं. जाकोराकनं त्याचा खांदा हलवला.

"थोर्किल्ड? श्वास चालू आहे ना?"

छातीतून काहीतरी हुंदक्यासारखं आलं. मग कळलं, म्हातारा हसत होता. पोट गदगदत होतं, डोळ्यांतून पाणी कानात चाललं होतं.

"डावीकडे," तो म्हणाला. "पार्नाक, मध्यावरसुद्धा डावीकडे. सगळं डावीकडे. पोरी, तू बरोबर आहेस आणि मी सत्तेचाळीस वर्षं गाढव आहे."

पार्नाक शेवाळातच बसली. एका हातात विजेरी तशीच, दुसऱ्या हातानं तिनं बापाची मान आपल्याकडे ओढली आणि कपाळ त्याच्या कपाळाला टेकवलं. जाकोराकला आयुष्यात बऱ्याच गोष्टी मिळाल्या होत्या. शिकार केलेला पहिला नार्व्हाल देवमासा, चांगली बायको, न बुडालेल्या तीन होड्या. पण इतका आनंद त्याला क्वचितच झाला होता, आणि तो लपवायला कपारीत जागाही नव्हती.

प्रबंधाच्या कागदावर थोर्किल्डनं तिथेच सही केली, दगडावर कागद ठेवून. सहीशेजारी शेवाळाचा हिरवा डाग पडला. पुसू नकोस, पार्नाक म्हणाली. मग तिनं खळग्याशेजारून नवा तुकडा काढला, खालून बाण काढला, बाणाशेजारी फुली मारली, फुलीभोवती गोल केला. जाकोराकनं ते नीट पाहून घेतलं.

परतताना त्यानं रेडिओवर बायकोला हाक मारली. मार्गरेठानं उचललं तेव्हा मागे दोन-तीन बायकांचे आवाज येत होते. म्हणजे अख्खी वस्ती ऐकत होती.

"केक भाजायला घ्या," तो म्हणाला. "सही झाली."

"झाली? मग खडक कुठे सरकला म्हणायचा शेवटी?"

"डावीकडे."

"आणि इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं उजवीकडे. माझ्यामुळे."

"तरीच," मार्गरेठा म्हणाली. "घरातसुद्धा काही जागेवर सापडत नाही." मागे हशा पिकला आणि रेडिओ बंद झाला.

थोर्किल्ड केबिनच्या दारात बसला होता, अंगावर जाकोराकचं घोंगडं. वही मांडीवर. "दुरुस्तीचा लेख मीच लिहिणार," तो म्हणाला. "चूक माझी होती असं स्वच्छ लिहिणार."

"नाही," जाकोराक म्हणाला. "चूक माझी. माझं नाव घाल."

"काय संबंध? ती खूण शिकवली नाही ही माझी चूक. तुझ्यावर खापर कशाला फोडू?"

"हातोडा माझा, बाण माझा, चूकही माझी. पुस्तिकेत तीनशे दगड आहेत. त्यातला एक चुकला. त्याच्यावर लिही, जाकोराक ओल्सविगनं काढला."

नवा दगड कापडात गुंडाळणारी पार्नाक थांबली. तिनं बापाकडे पाहिलं. तो समोर पाण्याकडे बघत होता. बर्फाचा एक तुकडा वाटेत आला होता, त्याला त्यानं शांतपणे वळसा घातला.

थोर्किल्डनं वही मिटली. मग म्हणाला, "या एका दगडावर तुझं नाव घातलं, तर लोक विचारतील, बाकीचे कोणी काढले."

"विचारतील."

"पुस्तिकेत मी स्वतःच्या हातानं असं छापलंय."

"ठाऊक आहे मला. पार्नाक दहा वर्षांची होती, तिनं वाचून दाखवलं होतं."

थोर्किल्डनं घोंगडं खांद्यावरून खाली सारलं. वही पहिल्या पानावर उघडली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि चष्मा नाकावर घेतला.

"एक?" त्यानं विचारलं.

"तुझा."

"दोन?"

"तुझाच. तेव्हा गुडघे बरे होते तुझे."

"तीन?"

जाकोराकनं इंजिनाचा वेग कमी केला. वस्ती दोन तासांवर होती, आणि दगड तीनशे होते.

"माझा," तो म्हणाला.